बॅलेच्या टोकदार बुटांची घाई

लेकरू टाचा उचलून घरभर फिरतं, मोबाइलवरच्या नर्तकीसारखं बोटांच्या टोकावर उभं राहायला बघतं, आणि आईवडील विचारतात, ‘ते टोकदार बूट कुठं मिळतील?’ नांदेड असो की लातूर, चौकशी बहुधा बुटांपासूनच सुरू होते. आता तर ते ऑनलाइन मागवले की घरपोच येतात. म्हणून आधी त्यांच्याबद्दलच बोलू.

त्या टोकात लाकूड किंवा लोखंड असतं, असं अनेकांना वाटतं. तसं काही नसतं. पारंपरिक बुटात कापडाचे आणि कागदाचे थर खळीनं एकावर एक चिकटवून कडक केलेले असतात आणि वरून साटीन चढवलेलं असतं. म्हणजे बूट मुलीला उभं करत नाही. घोटा, पोटरी, मांडी, पोट आणि पाठ यांच्या बळावर ती उभी राहते. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या पावलातली हाडं अजून घडत असतात, त्यांतला बराच भाग कूर्चेचा असतो. म्हणून जाणते शिक्षक साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी हे बूट देत नाहीत. नुसतं वयही पुरत नाही. त्याआधी काही वर्षांचं नियमित शिक्षण झालेलं असावं लागतं. सात वर्षांच्या मुलीला स्नेहसंमेलनासाठी हे बूट चढवणाऱ्या क्लासातून तिला काढून घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुळात बॅले या बुटांहून कितीतरी जुना आहे. इटलीच्या दरबारांतून तो फ्रान्समध्ये गेला. चौदाव्या लुईनं 1661 मध्ये पॅरिसला नृत्याची अकादमी स्थापन केली, म्हणून त्यातले शब्द आजही फ्रेंच आहेत. बोटांच्या टोकावरचं नृत्य गाजलं ते 1832 मध्ये, मारी टाग्लिओनीच्या ‘ला सिल्फिद’मुळे. तिचे बूट तर मऊच होते, टोकाला दोऱ्यानं रफू करून बळकट केलेले.

आणखी एक घोटाळा आपल्या भाषेतला आहे. रामायणाचे प्रसंग, पंधरा-वीस मुलं, ध्वनिमुद्रित निवेदन, की त्याला आपण ‘बॅले’ म्हणतो. हा शब्द मराठीत नृत्यनाटिकेला चिकटला, कारण मुंबईत मॅडम मेनका, सचिन शंकर यांनी भारतीय नृत्यातून मोठ्या कथा उभ्या केल्या आणि त्यांना बॅले म्हटलं. शांती बर्धन यांनी 1952 मध्ये काढलेल्या संस्थेचं नावच लिटल बॅले ट्रूप. हे काम थोर आहे, पण मोबाइलवर पाहिलेल्या नाचाचं तंत्र वेगळं. क्लासात नाव घालण्याआधी यांतलं नेमकं काय शिकवणार, हे विचारून घ्यावं.

‘तीन वर्षांची असतानाच घाला, नाहीतर उशीर होतो,’ हेही ऐकू येतं. परीक्षांच्या तयारीतल्या लातूर पॅटर्नच्या मुलखात तर लवकर सुरुवात आणि जास्त तास हा हिशेब अंगात मुरलेला. वाढत्या सांध्यांना तो लागू होत नाही. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या परीक्षांतल्या पहिल्या पायरीला किमान पाच वर्षांची अट आहे. त्या वयात घोड्यासारखं दौडणं, टाळीवर थांबणं, उडी मारून आवाज न करता उतरणं, एवढंच असतं आणि आठवड्याला एक-दोन तास पुरतात. मुंबईचा मनीष चौहान तर विशीत बॅलेकडे वळला. वडील टॅक्सीचालक. त्याच्याबरोबरचा अमीरुद्दीन शाह, एका वेल्डरचा मुलगा, 2017 मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये पोचला. येहुदा माओर या गुरूंकडे दोघं शिकले. 2020 चा ‘ये बॅले’ हा चित्रपट त्यांच्यावरूनच निघाला. अर्थात कोलांट्या आणि रस्त्यावरच्या नाचानं त्यांची शरीरं आधीच कमावलेली होती, हे विसरू नये.

मुलगा असेल तर घरात वेगळीच कुजबुज होते. पण पॅरिसच्या ऑपेऱ्यात 1681 पर्यंत व्यावसायिक नर्तक सगळे पुरुषच होते. स्त्रियांच्या भूमिकाही तेच करायचे, बालगंधर्वांच्या काळात आपल्याकडे व्हायचं तसं.

बॅलेनं उंची खुंटते, हेही खरं नाही. धोका उपाशी ठेवण्यात आहे. वाढत्या मुलीला बारीक राहण्यासाठी जेवण तोडायला लावणारा शिक्षक नको. दुसरा धोका गुडघ्यांना. पावलं बाहेर वळवायची ती खुब्यातून. गुडघ्यातून पिळली तर दुखणं मागे लागतं. भरतनाट्यमच्या अरमंडीतही, म्हणजे गुडघे बाहेर वळवून घेतलेल्या अर्ध्या बैठकीतही, हाच नियम. म्हणून जवळपास बॅलेचा जाणता शिक्षक नसेल तर भरतनाट्यम किंवा कथक शिकलेली वर्षं वाया जात नाहीत. ताल, तोल आणि पावलांची समज पुढे बॅलेतही कामी येते.

मला सगळ्यात काळजी वाटते ती जमिनीची, आणि तिच्याबद्दल कुणी विचारतच नाही. आपल्याकडे घरात, सभागृहात, क्लासात शहाबादी फरशी नाहीतर सिमेंट. त्यावर उडी मारली की सगळा दणका घोट्यात आणि नडगीत जातो. बॅलेला हवी खाली पोकळी सोडून टाकलेली, किंचित दबणारी लाकडी जमीन. ती नसेल तर शिक्षकानं उड्या कमी घ्याव्यात. घरीही फरशीवर उड्या नकोत, गादीवर तर नकोतच, घोटा मुरगळतो. खिडकीच्या कट्ट्याला हात टेकवून, टाचा न उचलता गुडघे हळू वाकवायचे आणि पुन्हा सरळ व्हायचं, एवढं चालेल. याला प्लिए म्हणतात. मोठ्या नर्तकीचा रोजचा सरावही बहुधा इथूनच सुरू होतो.