पाऊल गिरवून घेणारे यंत्र

लकवा पायाला झाला असे आपण म्हणतो. पण दुखणे असते मेंदूत. तिथली रक्तवाहिनी तुंबली वा फुटली, की पायाला हुकूमच पोचत नाही. शाबूत मेंदूला तो नव्याने शिकवायचा, तर पाऊल शेकडो वेळा गिरवावे लागते, बाराखडीसारखे. स्वित्झर्लंडमधले 'लोकोमॅट' यंत्र रोग्याचा भार थोडा उचलून धरते नि सरकत्या पट्ट्यावर त्याचे पाय चालवते. त्याचा स्वतःचा जोर किती लागला, ते समोरच्या पडद्यावर दिसते. हे फार महत्त्वाचे! एरवी यंत्र चालायचे अन् माणूस नुसता लोंबायचा. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, थोडेफार चालणाऱ्यांना तज्ज्ञाच्या हातचा सरावच सरस ठरला. यंत्राचा खरा उपयोग मुळीच चालता न येणाऱ्याला, तोही पहिल्या तीन महिन्यांत. तेव्हा यंत्र असो वा नसो, डॉक्टरांना विचारून सराव लवकर सुरू करा. 'थोडी शक्ती येऊ दे' म्हणत महिने खाटेवर घालवू नका.