अठराचा हिशेब

जाळीची शाल विणायला घेतली की घरातल्यांना एक नियम सांगून ठेवावा लागतो: ओळ संपेपर्यंत मला हाक मारायची नाही. "चहा टाकू का?" एवढ्यावरही मोजणी तुटते.

सध्या सुयांवर आहे ती स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलँड बेटांवरची लाटांची जुनी वीण, 'ओल्ड शेल'. १८ टाक्यांचा आणि ४ ओळींचा नमुना. तीन ओळी अगदी साध्या, सगळी करामत तिसऱ्या ओळीत. दोन टाके एकत्र, असं तीनदा. मग धागा पुढे घेऊन एक सुलट, असं सहादा. पुन्हा दोन एकत्र, तीनदा. सहा टाके घटले, सहा वाढले, हिशेब १८वर आला. घटवलेल्या जागी वीण दाटते, भोकांपाशी सैल होते, आणि या ओढाताणीत ओळ आपोआप वळते. सुई सरळच चाललेली असते. दहा-बारा ओळींनंतर ती लाट दिसू लागली की जेवायला उठवत नाही.

१७ भरले तर कुठेतरी धागा पुढे घ्यायचा राहिलाय. तेवढं निभतं, दोन टाक्यांमधला आडवा धागा उचलला की झालं. टाका गळला तर मात्र पंचाईत. साध्या स्वेटरात तो क्रोशाच्या सुईने पायरी पायरीने वर आणता येतो. जाळीत तो खाली धावताना एकत्र केलेले टाकेही सोडवत जातो, आणि मग कुठला धागा कुठल्या ओळीचा ते उमगत नाही. म्हणून अधूनमधून बोथट सुईने सगळ्या टाक्यांतून सुती दोरा ओवून ठेवायचा. उसवण तिथे अडते. मोहेअर घेतलं असेल तर उसवायचा विचारच सोडावा, त्याचे केस एकमेकांना सोडत नाहीत.

दुकानात लोकर म्हणून मिळतं ते बहुतेकदा ॲक्रिलिक. स्वेटरला ठीक, या शालीला नको. सुईवरून उतरलेली शाल पोतेऱ्यासारखी दिसते. तिला कोमट पाण्यात भिजवायची, न पिळता टॉवेलात दाबायची आणि गादीवर ताणून टाचण्या लावायच्या. प्रत्येक भोक उघडतं. खरी लोकर वाळल्यावर तशीच राहते, ॲक्रिलिक टाचण्या काढताच आखडतं. शालीची खरी लांबी-रुंदी त्या दिवशी कळते, तोवर सगळा भरवसा मोजणीवर.

शेटलँडच्या बायका मेंढीच्या मानेवरची मऊ लोकर हाताने उपटून, घरीच कातून, अंगठीतून पार होणाऱ्या शाली विणायच्या. अन्स्ट बेटाचं त्यात मोठं नाव. मोबदल्यात व्यापारी बरेचदा रोकड न देता चहा आणि कापड देत. १८७२च्या सरकारी चौकशी अहवालात त्या बायकांच्या साक्षी आहेत.

मलाही ओळखीतले विचारतात, "विकत का नाही?" मी तास मोजून आकडा सांगते. मग ते लोकरीच्या रंगाचं कौतुक करू लागतात.