वडधम जीवाश्म उद्यान

गडचिरोली जिल्ह्याच्या सिरोंचा तालुक्यातील जीवाश्मांचे खुले संग्रहालय. अहेरीच्या दक्षिणेस, प्राणहिता नदीच्या खोऱ्यातील वनप्रदेशात महाराष्ट्र शासनाच्या वन विभागाने ते विकसित केले आहे. वर्धा व वैनगंगा यांच्या संगमापासून प्राणहिता म्हणून ओळखला जाणारा प्रवाह अहेरीवरून वाहत जाऊन सिरोंचाजवळ गोदावरीस मिळतो. या खोऱ्यातील गाळाचे खडक गोंडवनी संघात मोडतात. मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरून या खडकांना पडलेले नाव पुढे ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडूआर्ट झ्यूस यांच्या लेखनातून गोंडवनभूमी या प्राचीन महाखंडासाठी जगभर रूढ झाले.

सिरोंचाजवळ प्राणहितेच्या डाव्या तीरावर कोटा हे गाव आहे. येथील चुनखडक, वालुकाश्म व मृत्तिकाश्म यांच्या थरांस या गावावरून ‘कोटा शैलसमूह’ म्हणतात. त्याचे वय सामान्यतः ज्युरासिक कालखंडाच्या पूर्वभागातील (सु. २० ते १७·५ कोटी वर्षांपूर्वीचे) मानले जाते; वरच्या थरांच्या वयाविषयी मात्र मतभेद आहेत. कोटा येथील चुनखडकात सापडलेल्या माशांच्या जीवाश्मांचे वर्णन फिलिप इजर्टन यांनी १८५१ मध्ये केले. नागपूर येथील मिशनरी व भूविज्ञानाचे अभ्यासक स्टीफन हिस्लॉप यांनीही या खडकांचा विचार केला. विल्यम किंग यांनी १८८१ मध्ये या खोऱ्याचे विस्तृत भूवैज्ञानिक वर्णन प्रसिद्ध केले.

येथील सर्वांत प्रसिद्ध शोध बारापासॉरस टॅगोरी या डायनोसॉराचा होय. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकीय संस्थेच्या पथकाने १९६०-६१ च्या सुमारास पोचमपल्ली परिसरात उत्खनन करून किमान सहा प्राण्यांची सु. ३०० हाडे मिळविली. सोहनलाल जैन, टी. एस. कुट्टी, तपन रायचौधुरी व शंकर चटर्जी यांनी १९७५ मध्ये या प्राण्याचे नामकरण केले. नावाच्या पूर्वार्धाचा अर्थ ‘मोठ्या पायाचा सरडा’ असा असून उत्तरार्धात रवींद्रनाथ टागोरांचे स्मरण आहे. त्यांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास हे उत्खनन झाले. लांब मानेचा हा शाकाहारी प्राणी अंदाजे १४ ते १८ मी. लांब होता. त्याची कवटी मिळालेली नाही, केवळ दात सापडले आहेत. अनेक प्राण्यांच्या हाडांवरून जुळविलेला त्याचा सांगाडा कोलकात्यास संस्थेच्या संग्रहालयात उभारला आहे. याच शैलसमूहातून मिळालेल्या कोटासॉरस या डायनोसॉराचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात आहे. उडणारे सरीसृप आणि आद्य सस्तन प्राण्यांचे अत्यंत लहान दातही कोटा थरांतून मिळाले आहेत.

अशा रीतीने या खोऱ्यातील सांगाडे दूरच्या शहरांत गेले. जुळवणी, परिरक्षण व अभ्यास यांची साधने तेथे होती, हे त्याचे कारण. वडधमचे महत्त्व याच्या उलट बाजूस आहे. येथे पाहण्याजोगी मुख्य वस्तू म्हणजे प्राचीन वृक्षांचे अश्मीभूत बुंधे. गाळाखाली लवकर गाडल्या गेलेल्या लाकडाला हवा न मिळाल्याने त्याचे कुजणे मंदावते. भूजलात विरघळलेली सिलिका त्याच्या सूक्ष्म पोकळ्यांत साचते व हळूहळू काष्ठद्रव्याची जागा घेते. म्हणूनच दगड झालेल्या बुंध्यातही लाकडाची ठेवण ओळखू येते. असे बुंधे जागेवर असले, तर ते कोणत्या दिशेने आडवे पडले, कोणत्या थरात गाडले गेले व त्यांच्या शेजारी काय होते, हे तपासता येते. पोचमपल्लीस डायनोसॉरांच्या हाडांबरोबर मोठाले बुंधेही सापडले. त्यावरून ही सर्व सामग्री पुराच्या प्रवाहाने वाहून येऊन एकत्र गाडली गेली असावी, असे अनुमान करता आले. थरातून सुटलेल्या एकट्या तुकड्यावरून असे अनुमान करता येत नाही.

भारतातील जीवाश्म उद्यानांचे स्वरूप भिन्नभिन्न आहे. हिमाचल प्रदेशातील साकेती येथे (स्थापना १९७४) नष्ट झालेल्या प्राण्यांच्या पूर्णाकृती प्रतिकृती उघड्यावर मांडल्या आहेत. तमिळनाडूतील तिरुवक्करै येथे अश्मीभूत बुंधे जागच्या जागी राखले आहेत. गुजरातमधील रायोली येथे डायनोसॉरांच्या अंड्यांच्या स्थळालगत २०१९ मध्ये संग्रहालय सुरू झाले. वडधमला भेट देणाऱ्यास अहेरी तालुक्यातील आलापल्लीमार्गे सिरोंचाकडे जाणाऱ्या रस्त्याने जाता येते. वाटेतील सागवनाचे अरण्य आजचे, तर उद्यानातील अरण्य ज्युरासिक काळातील. त्यामुळे एकाच प्रवासात दोन्ही पाहावयास मिळतात.

उघड्यावरील जीवाश्मांना ऊन, पाऊस व झाडांची मुळे यांपासून जितका धोका असतो, तितकाच स्मरणवस्तू म्हणून तुकडे उचलण्याच्या सवयीपासूनही असतो. बंद दालनातील वस्तू पहारेकरी राखतो. खुल्या स्थळाचे रक्षण मात्र मुख्यतः भोवतालच्या गावांच्या आस्थेवर व पाहुण्यांच्या संयमावर अवलंबून असते. सिरोंचाच्या मातीतील मोठा सांगाडा पाहण्यास येथील विद्यार्थ्याला कोलकात्यास जावे लागते. तो प्राणी ज्या काळात वावरला त्या काळातील वृक्ष मात्र त्याला आपल्या तालुक्यातच पाहता येतात. ते जागेवर राहिले, तरच नव्या पद्धतींनी त्यांचा पुन्हा अभ्यास करणे पुढील पिढ्यांना शक्य होईल.