पिंजरा तोच, कायदा वेगळा

गेल्या व्याख्यानानंतर एका बाईंनी विचारलं, "सर, पोपट पाळणं गुन्हा आणि मकाव पाळलेला चालतो, हे कसं?" प्रश्न रास्त आहे.

आपला हिरवा पोपट इथल्या रानातला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याला पकडणं, विकणं, घरी ठेवणं गुन्हाच. मकाव मध्य-दक्षिण अमेरिकेतला. मूळ कायद्याचा रोख इथल्या प्राण्यांवर होता, त्यामुळे परदेशी जीव त्यातून निसटत. २०२२च्या दुरुस्तीने 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय करारातले प्राणी चौथ्या अनुसूचीत आणले. २०२४च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करायची. पिल्लू झालं, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तेही कळवायचं.

आता बघा, कायद्याचा मुख्य प्रश्न असा: हा जीव आला कुठून? रानातून चोरलेला तर नाही ना? पिंजऱ्यातल्या त्या एका पक्ष्याचं काय, हे नोंदणी विचारत नाही. म्हणजे तो कागद बाळगण्याची नोंद झाली. पाळणं योग्य असल्याचा दाखला नव्हे. मकाव पन्नास वर्षंही जगतो. माझ्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्याने तो आणला, तर पुढची वर्षं त्याने कोणाकडे काढायची? हे मात्र आपलं आपणच विचारायचं, आणि तेही विकत घेण्याआधी.