पाहुणा ते घरचा : परदेशी यजमान कुटुंबात राहणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष

जेवणाच्या टेबलावर यजमान बाई विचारतात, ‘‘आणखी वाढू का?’’ भारतातून नुकताच अमेरिकेत आलेला सोळा वर्षांचा मुलगा संकोचाने ‘नको’ म्हणतो. स्वतःच्या घरी हे ‘नको’ कुणी मनावर घेतले नसते. आजीने आणखी एक पोळी ताटात टाकली असती आणि मुलाने ती खाल्लीही असती. येथे मात्र ‘नको’ म्हणजे नको. भांडे उचलले जाते आणि मुलगा अर्धपोटी झोपायला जातो. यजमानांच्या वागण्यात उणे काहीच नसते. पाहुण्याच्या शब्दाचा मान राखणे हाच त्यांच्याकडचा आदर आणि आग्रह करणे हा आपल्याकडचा. शालेय विनिमय कार्यक्रमांतून परदेशी घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याचे खरे शिक्षण बहुधा अशा एखाद्या रात्री सुरू होते.

परक्या देशातील कुटुंबात राहून तो देश समजून घ्यावा, ही कल्पना सुमारे शंभर वर्षांपूर्वीची आहे. डोनाल्ड वॅट या अमेरिकी गृहस्थांनी १९३२ मध्ये ‘एक्सपरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग’ हा उपक्रम सुरू केला आणि यजमान घरातील वास्तव्य हे त्याचे प्रमुख अंग ठरले. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना रुग्णवाहिकेतून नेणाऱ्या ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ या स्वयंसेवी संघटनेने दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, स्टीफन गॅलाटी यांच्या नेतृत्वाखाली शालेय विद्यार्थ्यांच्या विनिमयाचे काम हाती घेतले. युद्धाची भीषणता ज्यांनी जवळून पाहिली, त्यांनाच एका घरात एकत्र जेवण्याचे मोल अधिक कळले असावे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेने ऑक्टोबर २००२ मध्ये एक शिष्यवृत्ती कार्यक्रम सुरू केला. सिनेटर एडवर्ड केनेडी आणि रिचर्ड लुगर यांच्या नावाने तो ओळखला जातो. मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशांतील विद्यार्थ्यांसाठी आखलेल्या या कार्यक्रमात भारताचाही समावेश आहे.

नियम आणि सुरक्षितता

अल्पवयीन मूल अनोळखी घरात वर्षभर ठेवायचे, हा पालकांसाठी मोठा विश्वासाचा प्रश्न असतो. म्हणूनच अमेरिकेत शालेय विनिमयासाठी दिल्या जाणाऱ्या जे-१ व्हिसाचे नियम तपशीलवार आहेत. शाळा आणि यजमान कुटुंब ही दोन्ही निश्चित झाल्याशिवाय विद्यार्थ्याने मायदेश सोडायचा नसतो. कुटुंबाची मुलाखत त्यांच्या राहत्या घरी घेतली जाते आणि घरातील १८ वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते. विद्यार्थ्याला स्वतंत्र पलंग असावाच लागतो. खोली वाटून घ्यायची असल्यास ती समलिंगी अशा एकाच मुलाशी किंवा मुलीशी वाटून घेता येते. स्थानिक समन्वयकाने दरमहा विद्यार्थ्याशी आणि कुटुंबाशी संपर्क ठेवणे बंधनकारक असते.

या व्यवस्थेत यजमान कुटुंबाला मोबदला मिळत नाही. लेखी करारान्वये विद्यार्थी ठेवणाऱ्या कुटुंबाला काही अटींवर महिन्याला ५० डॉलरपर्यंतची करवजावट तेवढी घेता येते. एका वाढत्या मुलाच्या जेवणखाणापुढे ही रक्कम नगण्य आहे. घरात भाडेकरू ठेवणे आणि विनिमय विद्यार्थी ठेवणे यांतील भेद येथे स्पष्ट होतो. पैसे देणाऱ्याला सोयी मागण्याचा हक्क असतो. विनिमय विद्यार्थ्याला घरातील जागा मिळते आणि त्या जागेबरोबर घरातील कामेही वाट्याला येतात.

दिनक्रमातील बारकावे

ही कामे फार अवघड नसतात, पण अनेक भारतीय मुलांनी ती कधी केलेली नसतात. जेवल्यावर आपले ताट विसळून भांडी धुण्याच्या यंत्रात लावणे, आठवड्यातून एकदा कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवणे, स्वतःचे कपडे स्वतः धुणे, अशी त्यांची यादी असते. न्हाणीघर हा तर स्वतंत्र धडाच ठरतो. तेथे मोरी नसते, बादली-तांब्या नसतो आणि पडद्याबाहेरच्या जमिनीवर पाणी सांडलेले चालत नाही. ओली जमीन पाहून यजमानांना मुलगा निष्काळजी वाटतो. वास्तविक न्हाणीघराची जमीन कोरडी असू शकते, हेच त्याला ठाऊक नसते.

शाळेचा दिवस लवकर सुरू होतो. पिवळी बस ठरल्या वेळी येते आणि कुणाची वाट पाहत नाही. आपल्याकडे तास बदलला की शिक्षक वर्गात येतात. तेथे विद्यार्थीच पुस्तके घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात. त्यामुळे शेजारच्या बाकावरचा मित्र आपोआप मिळत नाही, तो मिळवावा लागतो. शाळा सुटल्यानंतरचे खेळ, वाद्यवृंद किंवा नाटक यांत भाग घेणारा विद्यार्थी लवकर रुळतो. खोलीत मोबाइल घेऊन बसणाऱ्याला वेळ लागतो.

संध्याकाळचे जेवण अनेक घरांत सहाच्या सुमारास होते. रात्री दहाला भूक लागते, तेव्हा फ्रीज उघडावा की नाही, हा मोठाच पेच असतो. ‘हवे ते घे’ असे यजमानांनी पहिल्याच दिवशी सांगितलेले असते आणि ते त्यांनी शब्दशः म्हटलेले असते. शाकाहारी विद्यार्थ्याने आपण काय खातो आणि काय खात नाही, हे अर्जातच स्पष्ट लिहिणे आणि घरात पुन्हा सांगणे उपयोगी पडते. आठवड्यातून एक दिवस वरण-भात किंवा खिचडी स्वतः शिजवून सर्वांना वाढणाऱ्या मुलाचे स्वयंपाकघराशी नाते जुळते.

एकटेपणाची वेळ

न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा भारतात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. ही वेळ फोनसाठी सोयीची असते आणि म्हणूनच धोक्याचीही. रोज तासभर घरी बोलणारे मूल देहाने एका घरात आणि मनाने दुसऱ्या घरात राहते. मात्र घरच्यांशी बोलणेच तोडणे हाही उपाय नव्हे. ठरावीक दिवशी निवांत बोलणे दोन्ही घरांना मानवते.

नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून परतलेल्या नॉर्वेजियन फुलब्राइट अभ्यासकांच्या अनुभवांवर आधारित निबंध प्रसिद्ध केला. आरंभी उत्साह, मग उदासी आणि नंतर हळूहळू स्थिरता, असा क्रम त्यांना आढळला. प्रत्येक विद्यार्थी याच वाटेने जातो असे नाही. तथापि उदासीचा काळ येऊ शकतो आणि सरतोही, हे आधी कळलेले असले की परतीचे तिकीट मागण्याची घाई होत नाही.

मात्र घराची आठवण येणे आणि घरात असुरक्षित वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘पाहुण्याने तक्रार करू नये’ हा संस्कार येथे घातक ठरू शकतो. पोटभर जेवण न मिळणे, पारपत्र काढून घेतले जाणे, नकोसा स्पर्श किंवा सततचा अपमान यांबाबत समन्वयकाला आणि घरच्यांना तत्काळ सांगणे हा कृतघ्नपणा नाही. यजमान कुटुंब बदलता येते आणि ते बदलल्याने विद्यार्थ्यावर कोणताही ठपका येत नाही. मूल विमानात बसण्यापूर्वी पालकांनी त्याला हे वाक्य स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

महाराष्ट्रातील घरांचा अनुभव

उलट दिशेचा प्रवासही होतो. रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमातून परदेशी विद्यार्थी महाराष्ट्रातील कुटुंबांत येऊन राहतात. दीर्घ मुदतीच्या वास्तव्यात ते सहसा एकाहून अधिक घरे अनुभवतात. परदेशी व्यक्तीला घरी ठेवणाऱ्याने चोवीस तासांच्या आत प्रशासनाला कळवावे लागते. पण कागदपत्रांपेक्षा ताटातला पेच मोठा असतो. ‘पुरे’ म्हटल्यावरही वाढले जाते, तेव्हा त्या मुलीला आपले बोलणे कुणी ऐकतच नाही असे वाटते. ताटावर आडवा हात धरायचा असतो, हे तिला कुणीतरी शिकवावे लागते. ती खोलीचे दार लावून बसली की घरातल्यांना ती रुसली असे वाटते. तिला केवळ थोडा एकांत हवा असतो.

वर्ष संपते आणि परतीनंतर पुन्हा एक अवघड काळ येतो. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या दांपत्याने १९६३ मध्ये मायदेशी परतल्यावरही तसाच चढउतार येतो, याकडे लक्ष वेधले. परतलेला मुलगा जेवण होताच ताट उचलून विसळायला जातो. घरातल्यांना कौतुक वाटते आणि किंचित दुरावाही जाणवतो. आजी पोळी पुढे करते. मुलाला आता ‘नको’ स्पष्ट म्हणता येते आणि आजीच्या आग्रहाचा अर्थही कळतो. त्यामुळे बहुधा तो ताट पुढे करतो.