जिन्याखालची काचेची पेटी

कॉलेजच्या फाटकातून आत गेलं की ऑफिसच्या खिडकीजवळ नाहीतर जिन्याखाली एक काचेची पेटी दिसते. आत टाचण्यांनी लावलेले कागद, एकावर एक चढलेले. काही पिवळे पडलेले, काही कालच लागलेले. मुलं तिथे वर्षातून दोनदा गर्दी करतात, वेळापत्रक लागलं की आणि निकाल लागला की. आता तर विद्यापीठाच्या सूचना संकेतस्थळावर येतात आणि मुलं वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचे फोटो बघतात, म्हणजे बघायचे म्हणून बघतात. आणि आपल्या घरांत आई-वडिलांपर्यंत त्यातली एकही सूचना पोचत नाही. 'पोरगी कॉलेजला जाते' एवढंच आपल्याला ठाऊक असतं. तिथे या महिन्यात काय चाललंय हे ना आपण विचारतो, ना ती सांगते.

तालुक्याच्या कॉलेजात बरीच वर्षं शिकवल्यावर माझं मत असं झालं आहे की ज्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं हे पहिलंच पोर असतं, त्या घराचं नुकसान अभ्यासात कमी आणि या पेटीपाशी जास्त होतं. डॉक्टर-वकिलाच्या मुलाला कोणता दाखला कधी काढायचा हे घरीच कळतं. बागवानाच्या, मेकॅनिकच्या, शिलाईकाम करणाऱ्या आईच्या मुलीला ते सांगणारं फक्त त्या काचेमागचं कागद असतं.

पैशांच्या सूचनांपासून सुरुवात करू, कारण तिथे चुकलं तर त्याच वर्षी खिशाला कळतं. महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ रोजी एक निर्णय काढला. इतर मागासवर्ग, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग यांतल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. आधी ही सवलत निम्मी होती. अट एवढीच की प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा अभिमत विद्यापीठात प्रवेश घेतला तर ही माफी नाही. इंजिनिअरिंग, फार्मसी, बी.एड.ला मुलगी घालायची म्हणून दागिने मोडायला निघालेली घरं मी पाहिली आहेत. ही सवलत त्यांच्यासाठीच आहे.

पण ती मिळते कागदावर, आणि आपलं घोडं पेंड खातं ते तिथे. बागवान, अत्तार, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. शाळेच्या दाखल्यावर मात्र जातीच्या रकान्यात नुसतं 'मुस्लिम' लिहिलेलं असतं. आजोबांना शाळेत घालताना मास्तरांनी जे लिहिलं ते तसंच चालत आलं. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळातला. तो कुठे शोधायचा? आजोबा, चुलत आजोबा ज्या शाळेत गेले तिथलं जनरल रजिस्टर, तहसील कार्यालयातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात त्याची नक्कल, जुनी खरेदीखतं. एखाद्या चुलत्याच्या घरात दाखला निघालेला असेल तर त्याच्या कागदांवरून काम बरंच सोपं होतं. म्हणून भावकीत विचारा. लग्नकार्यात सगळे जमतात तेव्हा हा विषय काढायला काहीच हरकत नाही. हे काम जुलैत ॲडमिशनच्या रांगेत उभं राहून होत नाही. मुलगी अकरावीला असताना त्याला हात घालावा लागतो, आणि जातीच्या दाखल्यानंतर वैधता प्रमाणपत्र असतंच.

नॉन-क्रीमी लेअरच्या प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते आणि प्रवेश सुरू होतात त्यानंतर. म्हणजे गेल्या वर्षीचं प्रमाणपत्र फाईलमध्ये नीट ठेवलेलं असलं तरी ते चालेलच असं नाही, त्यावरची तारीख बघा. ज्यांची बिरादरी यादीत नाही त्यांनी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला काढावा, तो मुस्लिम कुटुंबालाही मिळतो. हे अजून पुष्कळांना माहीत नाही.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरला म्हणजे काम झालं असंही समजू नका. दरवर्षी तो पुन्हा, म्हणजे नूतनीकरणासाठी भरावा लागतो. पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. भावाच्या खात्याचा नंबर देऊन उपयोग नाही. आणि अर्जात त्रुटी निघाली की तो परत येतो, ती सूचना पुन्हा त्याच पेटीत लागते.

प्रवेश रद्द करताना पैसे परत मिळतात का, हा प्रश्न दर पावसाळ्यात मला कोणी ना कोणी विचारतं. मुलाला आधी एका कॉलेजात मिळालं, मग दुसऱ्या फेरीत जवळचं मिळालं. पहिल्या ठिकाणी भरलेली फी बुडाली असं धरून लोक गप्प बसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याचं कोष्टकच करून दिलं आहे. प्रवेशाची जी अंतिम तारीख जाहीर झाली असेल, तिच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी अर्ज दिला तर सगळी फी परत, त्यातून प्रक्रियेचे म्हणून फार तर ५ टक्के आणि तेही ५००० रुपयांच्या आत कापता येतात. तारखेला १५ दिवसांहून कमी उरले असतील तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवसांच्या आत ८० टक्के, त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, आणि नंतर काही नाही. मधल्या काही वर्षांत आयोगाने त्या त्या वर्षासाठी याहून सवलतीच्या तारखा दिल्या होत्या, म्हणून चालू वर्षाची सूचना बघावी. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. मूळ दाखले तपासून परत करायचे असतात. ते अडकवून ठेवायचा कॉलेजला अधिकार नाही, हेही त्याच कागदात आहे.

इथे व्हॉट्सॲपबद्दल चार शब्द. आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर शिष्यवृत्तीचे संदेश फिरतात, फिरवणाऱ्यांची नियत चांगली असते. पण केंद्र सरकारने मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२-२३ पासून बंद केली, तरी तिच्या नावाने 'अर्ज भरा, शेवटचे तीन दिवस' असे निरोप अजून येतात. खरी सूचना ओळखायला सोपी असते. वर संस्थेचं नाव, जावक क्रमांक, तारीख, खाली सही आणि शिक्का. यातलं काहीच नसेल तर तो निरोप पुढे पाठवण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात एक फोन करावा.

आता ज्या कागदांकडे कोणीच बघत नाही त्यांच्याकडे येऊ. 'वाङ्मय मंडळाची सभा, दुपारी १२, खोली क्रमांक १४.' 'राष्ट्रीय सेवा योजनेची नोंदणी सुरू.' 'बहिःशाल शिक्षण मंडळातर्फे व्याख्यान, सर्वांस निमंत्रण.' यातून पैसे मिळत नाहीत, मार्क मिळतात तेही थोडे, म्हणून घरात यांना किंमत नाही. 'कॉलेज सुटलं की सरळ घरी' हा मुलींसाठीचा नियम याच कागदांवर काट मारतो.

मला वाटतं हा सौदा फार महाग पडतो. वर्गात शंभर पोरांमध्ये बसलेली मुलगी शिक्षकाला नावाने माहीत नसते. वाङ्मय मंडळाच्या सभेला थांबलेली, भित्तिपत्रकाचे मथळे रंगवणारी, पाहुण्यांचे आभार मानायला उभी राहिलेली मुलगी माहीत असते. पुढे एम.ए.च्या प्रवेशाला, नोकरीच्या अर्जाला दोन ओळींचं शिफारसपत्र लागतं तेव्हा सर कोणासाठी मनापासून लिहितील? आणि चाळीस माणसांसमोर माइक धरून आभार मानताना घशाला पडलेली कोरड एकदा ओलांडली की मुलाखतीच्या खोलीतले तीन परीक्षक तितके मोठे वाटत नाहीत. घरी दख्खनी बोलणाऱ्या पोरीला मराठीत उभं राहून बोलायची सवय दुसरीकडे कुठे होणार?

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एखाद्या दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर, अशी तिची रचना. शिबिर म्हटलं की अब्बांच्या कपाळावर आठी येते, कारण मुलीने सात रात्री बाहेर राहायचं. ती काळजी खोटी नाही. पण नकार देण्याआधी विचारता येतं. मुली कुठे झोपणार, सोबत शिक्षिका कोण, त्यांचा फोन नंबर काय, जेवण कोण बनवणार, नमाजला जागा होईल का? हे प्रश्न कार्यक्रम अधिकाऱ्याला विचारले तर त्यांना राग येत नाही, उलट बरं वाटतं. एखाद्या दुपारी शिबिर बघायला जावं. पुष्कळ ठिकाणी गावकरी आणि पालक समारोपाला येतातच.

एनसीसीचं तसंच. 'सी' प्रमाणपत्र असलेल्यांना सैन्यात अधिकारी होण्यासाठी जी खास भरती निघते, तिच्यात लेखी परीक्षा नसते, थेट मुलाखत मंडळापुढे जाता येतं. ती मुलींनाही खुली आहे. नावनोंदणी पहिल्याच वर्षी होते, तिसऱ्या वर्षाला जागे झालो तर गाडी गेलेली असते. 'कमवा आणि शिका'ची सूचनाही जुलै-ऑगस्टात लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली ही योजना, ग्रंथालयात किंवा ऑफिसात दिवसाचे दोन-तीन तास काम आणि तासाप्रमाणे मोबदला. त्यात कमीपणा काही नाही. खेळांच्या आणि युवा महोत्सवाच्या सूचना मुलं स्वतःच शोधतात, त्यांचं सांगायला नको. फक्त 'आविष्कार' ही विद्यापीठांची संशोधन स्पर्धा ध्यानात ठेवा. तिथे विज्ञानाचीच मुलं जातात हा गैरसमज आहे. भाषा, वाणिज्य, कायदा, शेती सगळ्यांना वेगळे गट आहेत. यंत्रमागाच्या गावातल्या मुलीने मागावर काम करणाऱ्या बायांच्या मजुरीची पाहणी केली तर तो विषय तिथे चालतो.

एक कागद असा असतो जो कोणाला वाचायची वेळ येऊ नये, पण ठाऊक असावा. रॅगिंगविरोधी समितीचा आणि अंतर्गत तक्रार समितीचा. त्यावर सदस्यांची नावं आणि नंबर असतात. रॅगिंगसाठी देशभराचा मोफत क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते, आणि समितीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही असतात. मुलीला आधीच सांगून ठेवा की असं काही झालं तर तिचं शिक्षण बंद होणार नाही. बहुतेक मुली घरी बोलत नाहीत त्या छळाच्या भीतीने नव्हे, कॉलेज सुटेल या भीतीने. फी, निकाल, वागणूक अशा बाकी तक्रारींसाठी २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कॉलेजात तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल असतो.

घरी यासाठी फार काही करावं लागत नाही. फ्रीजवर किंवा कपाटाच्या आतल्या बाजूला एक साधं कॅलेंडर टांगावं आणि रविवारी दहा मिनिटं मुलीने त्या आठवड्यात लागलेल्या सूचना वाचून दाखवाव्यात. परीक्षा अर्जाची तारीख, विलंब शुल्काची तारीख, फेरमूल्यांकनाची मुदत. निकालानंतर ही मुदत फार थोडी असते आणि लोक तेवढ्यात रडून मोकळे होतात. रमजानही कॅलेंडरवर टाकावा. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो आणि सध्या उन्हाळी परीक्षांच्या आसपास येतो. तोंडी परीक्षा किंवा प्रात्यक्षिक ईदच्या दिवशी येत असेल तर आधीच अर्ज द्यावा. आदल्या दिवशी सांगितलं तर विभागालाही काही करता येत नाही. व्याख्यान शुक्रवारी दीडला ठेवलं असेल तर मुलांनी चार सह्या करून वेळ बदलून मागावी. अनेकदा ठरवणाऱ्यांच्या ते लक्षातच आलेलं नसतं, आणि विनंती केली की बदलतातही.

मुलीला उशीर होतो ही अडचण खेड्यांत खरी आहे, शेवटची एस.टी. कोणासाठी थांबत नाही. दोन-तीन मुली एकाच गावच्या असतील तर त्यांनी मिळून थांबावं. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा आईने मुलीला न्यायला कॉलेजपर्यंत जाणंही पूर्वीइतकं जड नाही. गेल्यावर तिने बाहेर फाटकाशी उभं राहायची गरज नाही. पुण्याच्या विद्यापीठाची बॅरिस्टर जयकरांच्या नावाची व्याख्यानमाला गावोगावच्या कॉलेजांत होते ती विद्यापीठाबाहेरच्या माणसांसाठीच. 'बहिःशाल' या शब्दाचा अर्थच शाळेबाहेरचं. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, तीही अशीच सर्वांसाठी. सूचनेत 'सर्वांस निमंत्रण' असं लिहिलेलं असतं तेव्हा त्यात बुरखा घालून मागच्या रांगेत येऊन बसलेली अम्मीही धरलेली असते. तिकीट नसतं, ओळखपत्र कोणी मागत नाही, आणि शेवटी प्रश्न विचारायला माइक फिरतो तो मागच्या रांगेपर्यंत येतो.