हॉर्निमन सर्कल : नाव इंग्रजाचे, अभिमान आपला

मुंबईत फोर्टमध्ये कामासाठी गेलात आणि दोन कामांच्या मध्ये तासभर मोकळा मिळाला, तर हॉर्निमन सर्कलच्या बागेत जरूर बसा. रमजानच्या दुपारी रोजेदाराला उन्हात फिरण्यापेक्षा झाडाखालचा बाक बरा. रोजा नसणाऱ्यालाही ती सावली तितकीच गार लागते.

बाग लहान, जेमतेम अडीच एकरांची. पूर्वेला टाउन हॉल, म्हणजेच एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय. पश्चिमेला सेंट थॉमस कॅथेड्रल. भोवती कमानींच्या इमारतींचे कडे आणि त्यांत बँका, कचेऱ्या. एके काळी इथे मोकळे मैदान होते, कापसाच्या गासड्यांचा व्यापार चाले. कापूस कुलाब्याला गेला आणि जागेचा उकिरडा झाला. पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांनी तिथे गोल बाग करण्याची कल्पना मांडली आणि १८७२ साली ती पूर्ण झाली. तिला गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव मिळाले.

स्वातंत्र्यानंतर हे नाव बदलले. पण नवे नावही एका इंग्रजाचेच ठेवले गेले. असे का?

बेंजामिन हॉर्निमन हे फिरोजशहा मेहता यांनी १९१३ मध्ये काढलेल्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक. रौलट कायद्याला त्यांनी कडाडून विरोध केला. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत गोळीबार झाला आणि त्याच महिन्यात सरकारने हॉर्निमन यांना इंग्लंडला हद्दपार केले. आपल्याच देशाच्या सरकारविरुद्ध लिहिण्याची ही किंमत. ते परत येऊ शकले १९२६ मध्ये.

पुढे १९२० साली ‘क्रॉनिकल’ची खुर्ची मार्माड्यूक पिकथॉल यांच्याकडे आली. हे इस्लाम स्वीकारलेले इंग्रज कादंबरीकार. रमजान हा कुरआन अवतरल्याचा महिना. त्या कुरआनचा त्यांनी केलेला इंग्रजी तर्जुमा १९३० मध्ये प्रसिद्ध झाला आणि आजही वाचला जातो. त्यांच्यानंतर सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांनी हे राष्ट्रीय वृत्तीचे पत्र १९४९ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. फोर्टमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

संस्थापक पारशी, संपादक कधी इंग्रज, कधी मुसलमान आणि वाचक सगळ्या धर्मांचे. त्या काळी कोण कुठला यापेक्षा कोण कोणाच्या बाजूने उभा राहिला, हे लोकांनी पाहिले. म्हणूनच स्वतंत्र देशाला या इंग्रजाचे नाव परके वाटले नाही. आज माणसाचे नाव ऐकूनच आपण त्याच्याविषयी मत बनवतो. तेव्हा ही बाग आठवावी.

मुलांना घेऊन गेलात, तर झोपाळ्यासारखे काही शोधू नका. बाकावर बसा आणि हे हॉर्निमन कोण होते, तेवढे त्यांना सांगा.